मास्क कोणासाठी? ताईच्या जंगलातला इतिहास

२०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा जगभर जंगलांत काम करणाऱ्या वन्यजीव संशोधकांपुढे एक पेच उभा राहिला. काम चालू ठेवायचं की परत फिरायचं? वरवर पाहता हा व्यवस्थापनाचा प्रश्न. माणसं किती न्यायची, जीपमध्ये कोणी कुठे बसायचं, वगैरे. पण त्याच्या मुळाशी दुसराच प्रश्न आहे : धोका नेमका कोणाला, आणि कोणापासून? आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू.

त्यासाठी एकच जागा धरू. पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्ट या देशात ताई नावाचं वर्षावन आहे. (आपल्या ताईशी त्याचा संबंध नाही!) क्रिस्तोफ बोएश यांनी १९७९ मध्ये तिथे चिंपांझींचा अभ्यास सुरू केला. रानटी चिंपांझी माणूस दिसला की पळतात. त्यांना माणसाची सवय व्हावी म्हणून वर्षानुवर्षं रोज त्यांच्या मागे हिंडावं लागतं. ही सवय लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

नोव्हेंबर १९९४. तिथले चिंपांझी एकाएकी मरू लागले. कारण कळावं म्हणून एका ताज्या मृतदेहाचं विच्छेदन झालं. ते करणाऱ्यांच्या हातात घरगुती वापराचे रबरी मोजे होते, तोंडावर मास्क नव्हता. त्यांतल्या एक संशोधिका आठवडाभराने तापाने फणफणल्या. तो इबोला होता, आणि त्याचा तोवर माहीत नसलेला प्रकार. सुदैवाने त्या वाचल्या आणि त्यांच्यापासून दुसऱ्या कोणाला लागण झाली नाही.

कोणी विचारेल, मेलेल्या जनावराला हात लावायचाच कशाला? तर साथीची पहिली साक्ष पुष्कळदा तेच देतं. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा भागात माकडं मरू लागली आणि माणसंही तापाने आजारी पडली. आपल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोध घेतला, म्हणून क्यासनूर जंगलाचा रोग जगाला कळला. तेव्हा पाठ फिरवणं हा उपाय नव्हे. नीट तयारीने जवळ जाणं हा उपाय.

इथवर धोक्याची दिशा सरळ होती, जनावराकडून माणसाकडे. पुढे ती उलटली. १९९९ ते २००६ या काळात ताईचे चिंपांझी खोकू लागले, शिंकू लागले, आणि काही दगावले. बर्लिनची रॉबर्ट कॉख संस्था आणि लाइपझिगची माक्स प्लांक संस्था यांच्या संशोधकांनी नमुने तपासले, त्यांचा निबंध २००८ मध्ये आला. सापडले ते माणसांचेच श्वसनाचे विषाणू, आपल्या लहान मुलांना सर्दी-खोकला देणारे. ज्या सवयीमुळे अभ्यास शक्य झाला, तिनेच आजारालाही वाट करून दिली.

मग सरळ निघून जावं, नाही का? पण बघा, त्याच निबंधाने दुसरी बाजूही दाखवली. संशोधकांच्या वावरामुळे आसपासची चोरटी शिकार कमी होत होती आणि चिंपांझी टिकून राहत होते. म्हणजे राहण्यात धोका, आणि जाण्यातही धोका.

यातून मार्ग निघाला तो शिस्तीचा. बाहेरून आलेल्याने आधी काही दिवस वेगळं राहायचं. जंगलासाठी वेगळे कपडे, बुटांचं निर्जंतुकीकरण. जनावरापासून किमान सात मीटर अंतर. आजारी असाल तर जंगलात पाऊल नाही. आणि तोंडावर मास्क, तोही स्वतःसाठी नव्हे, समोरच्या चिंपांझीसाठी. एवढं करूनही २०१६ च्या अखेरीस माणसांतला सर्दीचा एक करोना विषाणू ताईच्या चिंपांझींपर्यंत पोचलाच. आजार सौम्य होता. पण करोना कुळातला विषाणू माणसाकडून त्यांच्याकडे जाऊ शकतो, हे महामारीच्या आधीच कळलं होतं.

म्हणून २०२० मध्ये या क्षेत्रातल्या लोकांना पहिली भीती वाटली ती प्राण्यांसाठी. वटवाघळांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ती हाताळण्याचं काम थांबवायला सांगितलं. माणसाकडून वटवाघळांना लागण होऊ नये म्हणून. रवांडा आणि काँगोने गोरिलांची उद्यानं पर्यटकांना बंद केली. ही भीती अनाठायी नव्हती : जानेवारी २०२१ मध्ये सॅन डिएगोच्या प्राणिउद्यानातल्या गोरिलांना करोना झालाच.

आणि जाण्यातला धोका? जून २०२० मध्ये, पर्यटन ठप्प असताना, युगांडाच्या ब्विंडी अरण्यात रफिकी नावाचा प्रौढ नर गोरिला शिकाऱ्याच्या हातून मारला गेला. एका घटनेवरून सिद्धांत मांडू नये. पण रिकामं झालेलं जंगल आपोआप सुरक्षित होत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

या हिशेबात एक माणूस नेहमी राहून जातो, तो म्हणजे स्थानिक सहायक. विमानं बंद झाली, परदेशी अभ्यासक घरी बसले. अनेक ठिकाणी पायवाटा तुडवत राहिले ते गावातलेच लोक. दिवसा प्राण्यांजवळ आणि रात्री मुलाबाळांत राहणाऱ्या या माणसासाठी लस, पगार आणि आजारपणाची भरपगारी रजा या गोष्टी सुरक्षेतच मोडतात. रजेचा पगार कापला जाणार असेल, तर तो खोकला लपवून कामावर येईल. मग सात मीटरचा नियम काय कामाचा?

तत्त्वज्ञानात आम्ही ‘कर्तव्य कोणाप्रती?’ हा प्रश्न विचारतो. इथे त्याचं उत्तर अगदी व्यवहारी आहे. आपण होऊन ज्याच्या घरात शिरलो आणि ज्याला आपली सवय लावली, त्याच्याप्रती. ती सवय लावून झाल्यावर ‘आम्ही आता निघतो’ एवढं म्हणून जबाबदारी संपत नाही. आता प्रश्न घेऊ.