दोन हात आणि चार मिनिटे

श्रोतेहो, अशी कल्पना करा. रात्रीची वेळ आहे. इस्पितळाच्या लांबलचक वॉर्डात चाळीस खाटा आणि परिचारिका एकच. एवढ्यात कोपऱ्यातला एक रोगी निपचित पडतो. हाक मारली तर ओ नाही, श्वास नाही, नाडी लागत नाही. डॉक्टर पलीकडच्या इमारतीत. ते येईपर्यंत पाच-सात मिनिटे सहज जाणार. इकडे रक्त न पोचलेला मेंदू चार-पाच मिनिटांतच निकामी होऊ लागतो. मग बाईंनी काय करावे?

1960 पूर्वी या प्रश्नाला धड उत्तर नव्हते. हृदय थांबले तर सर्जनने छाती उघडायची आणि हृदय हातात घेऊन दाबायचे, हा उपाय. तो वॉर्डात, खाटेवर कोण करणार? परिचारिकेने डॉक्टरांना बोलवायचे आणि वाट पाहायची, एवढेच तिच्या हाती असे.

चित्र पालटले ते अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात. आपण सोडलेल्या श्वासातही दुसऱ्याला जगवण्यापुरता प्राणवायू असतो, हे डॉ. पीटर सफर यांनी तिथे 1958 च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिले. त्याच शहरात जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवेन नावाचे विजेचे इंजिनियर काम करीत होते. हो, इंजिनियरच! त्यांचे सहकारी निकरबॉकर यांना कुत्र्यांवरील प्रयोगात एक गंमत दिसली. विजेच्या झटक्याच्या पट्ट्या छातीवर जोराने दाबल्या की वीज न सोडताही मांडीच्या धमनीतला दाब वाढे. म्हणजे बाहेरून दाबूनही रक्त खेळते! सर्जन ज्यूड त्यांना येऊन मिळाले, आणि 1960 साली तिघांनी 20 रोग्यांचा अहवाल छापला. त्यांतले 14 वाचले होते. सुरी नको, यंत्र नको. दोन हात पुरेत.

पण हात कोणाचे? एडिंबरोचे डॉ. डेस्मंड ज्युलियन यांनी 1961 साली लिहिले की डॉक्टरांबरोबर परिचारिकांना आणि इतर सेवकांनाही हे शिकवा. फिलाडेल्फियाचे डॉ. मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ त्याहून पुढे गेले. डॉक्टर हजर नसतील तेव्हा परिचारिकेने स्वतः विजेचा झटका द्यावा, अशी मुभा त्यांच्या विभागात होती. परिचारिकांसाठी त्यांनी पुस्तकही काढले, 1965 साली. हुकमाची वाट पाहणारी बाई आता निर्णय घेणारी झाली.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण नियम लिहिला म्हणून पाळला जातोच असे नाही. 2005 साली शिकागोच्या एका इस्पितळातल्या 67 रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. दाब देणारी माणसे शिकलेलीच होती. तरी तपासलेल्या वेळेपैकी एक तृतीयांशाहून अधिक वेळ दाब उथळ पडत होता.

असे का व्हावे? आळसामुळे? नाही. गुरुजी, तुम्हीच सांगा, मे महिन्याच्या सुटीनंतर मुलांना एकोणतीसचा पाढा येतो का? हातांचेही तसेच. मिनिटाला 100 ते 120 दाब, मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली, दर दाबानंतर ती पुरी वर येऊ द्यायची, आणि तीस दाबांमागे दोन श्वास. पाठ करायला सोपे आहे. पण असा प्रसंग रोज येत नाही, आणि सराव नसेल तर तीन ते सहा महिन्यांत हात विसरू लागतात.

म्हणून उद्या कुठे चूक झाली तर बाईंना बोल लावण्याआधी एक विचारा. यांना पुतळ्यावर सराव करायला शेवटचे कधी मिळाले होते? दोन हात तर प्रत्येक वॉर्डात आहेत. ते तयार ठेवणे हे इस्पितळाचे काम आहे, आणि त्याची चौकशी करणे तुमचे-आमचे.