लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : वजनघट मंदावल्यावर मन सांभाळताना

लठ्ठपणावरील (बॅरिॲट्रिक) शस्त्रक्रियेनंतर पहिल्या सहा महिन्यांत वजन झपाट्याने उतरते. पुढे हा वेग मंदावतो आणि साधारण एक ते दोन वर्षांत वजन स्थिरावते. मध्येच काही आठवडे काटा जागचा हलत नाही. अनेक रुग्ण हे स्वतःचे अपयश मानतात. वास्तविक ती बहुधा शरीराची स्वाभाविक प्रक्रिया असते.

वजन घटले की शरीराची ऊर्जेची गरजही घटते. त्यामुळे तेवढ्याच आहारावर पूर्वीइतकी घट होत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन २ वर्षांनी सरासरी २३ टक्क्यांनी, तर २० वर्षांनी १८ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजेच लाभाचा मोठा भाग टिकून राहिला.

या टप्प्यावर निराशा आणि अपराधीपणा बळावतो. पूर्वी खाण्यातून मिळणारा दिलासाही उरलेला नसतो. काहीजण मद्याकडे वळतात; परंतु बायपास शस्त्रक्रियेनंतर मद्य रक्तात लवकर भिनते आणि व्यसनाचा धोका वाढतो.

वजन रोज न करता आठवड्यातून एकदा करावे. कमरेचा घेर, रक्तशर्करा, रक्तदाब आणि जिना चढताना लागणारा दम यांतील सुधारणाही नोंदवावी. काटा हलावा म्हणून उपाशी राहू नये. वजन पुन्हा वाढू लागल्यास शल्यविशारद व आहारतज्ज्ञांना भेटावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. स्वतःला इजा करण्याचे विचार आल्यास मात्र विलंब न करता मदत मागावी. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास समुपदेशन मिळते.