अमेरिकेतील द्विभाषिक शिक्षण व राजभाषेचा वाद

इंग्रजी न येणाऱ्या मुलांना सरकारी शाळांत कोणत्या भाषेतून शिकवावे आणि इंग्रजीला कायद्याने राजभाषेचा दर्जा द्यावा काय, या दोन प्रश्नांवर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये दीर्घकाळ वाद चालत आला आहे. पहिला प्रश्न शिक्षणपद्धतीचा आहे, तर दुसरा राज्यव्यवहाराचा. परंतु १९८० नंतरच्या राजकारणात ते एकमेकांत इतके गुंतले, की एकाविषयीचे मत हे दुसऱ्याविषयीचेही मत समजले जाऊ लागले. अमेरिकेच्या राज्यघटनेत राजभाषेचा उल्लेख नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील शाळा प्रारंभापासून केवळ इंग्रजी माध्यमाच्या होत्या, हा समज बरोबर नाही. ओहायो राज्याने १८३९ मध्ये पालकांच्या मागणीनुसार जर्मन-इंग्रजी शिक्षणाला कायद्याने परवानगी दिली होती. जर्मन भाषा एका मताने हरल्यामुळे इंग्रजी अमेरिकेची भाषा झाली, ही कथा मात्र दंतकथाच होय. १७९४ मध्ये व्हर्जिनियातील जर्मन भाषकांनी संघराज्याचे कायदे जर्मन भाषेतही छापावेत एवढाच अर्ज केला होता, आणि त्यासंबंधीच्या कामकाजातील एक ठराव ४२ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळला गेला. राजभाषेवर मतदान कधी झालेच नव्हते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनविरोधी भावना तीव्र झाली. नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलांना कोणतीही परकीय भाषा शिकवण्यास बंदी केली. रॉबर्ट मेयर या शिक्षकाने एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मन भाषेतील बायबलकथा वाचायला शिकवल्या, म्हणून त्याला २५ डॉलर दंड झाला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा व तो कायदा घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी इलिनॉय राज्याने आपली राजभाषा ‘अमेरिकन’ असल्याचे जाहीर केले, हा या इतिहासातील काहीसा विनोदी भाग. १९६९ मध्ये तेथे ‘इंग्रजी’ हा शब्द घालण्यात आला.

द्विभाषिक शिक्षण कायदा

आधुनिक द्विभाषिक शिक्षणाचा आरंभ सामान्यतः १९६३ मध्ये मायामीतील कोरल वे प्राथमिक शाळेपासून मानला जातो. क्यूबातून आलेल्या निर्वासितांची मुले आणि इंग्रजी भाषक मुले तेथे दिवसाचा काही भाग स्पॅनिशमधून व काही भाग इंग्रजीतून एकत्र शिकत. टेक्सासचे सिनेटर राल्फ यारबरो यांनी पुढे आणलेल्या द्विभाषिक शिक्षण कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जानेवारी १९६८ मध्ये स्वाक्षरी केली. जॉन्सन हे तरुणपणी टेक्सासमधील कोटुला येथे मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळेत शिक्षक होते. या कायद्याने शाळांना अनुदान मिळाले. पण कोणत्या पद्धतीने शिकवावे, हे त्यात ठरवलेले नव्हते. स्वभाषा हा इंग्रजीकडे जाण्याचा पूल आहे, की ती स्वतंत्रपणे जोपासण्याची गोष्ट आहे, हा मूळ प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला आणि पुढील बहुतेक भांडणे त्यातूनच निर्माण झाली.

लाउ विरुद्ध निकल्स (१९७४) हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा खटला. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांतील सुमारे १,८०० चिनी वंशाच्या मुलांना इंग्रजी समजत नव्हते आणि त्यांना कोणतेही विशेष साहाय्य मिळत नव्हते. सर्वांना सारखीच पुस्तके, तेच शिक्षक व तोच अभ्यासक्रम दिला, म्हणजे समान वागणूक झाली, असे शाळांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते एकमताने अमान्य केले. ज्या मुलाला वर्गातील भाषाच कळत नाही, त्याला शिक्षण मिळाले असे म्हणता येत नाही, असा या निकालाचा आशय होता. न्यायालयाने उपाय मात्र शाळांवर सोडला: इंग्रजी शिकवणे हा एक मार्ग, चिनी भाषेतून शिकवणे हा दुसरा. त्याच वर्षी काँग्रेसने केलेल्या समान शैक्षणिक संधी कायद्याने भाषेचा अडथळा दूर करण्याची जबाबदारी शाळांवर टाकली.

राजभाषेची चळवळ

कॅलिफोर्नियाचे सिनेटर एस. आय. हायाकावा यांनी १९८१ मध्ये इंग्रजीला राजभाषा करणारी घटनादुरुस्ती मांडली. ते भाषेच्या अर्थविचाराचे अभ्यासक होते आणि त्यांचा जन्म कॅनडात जपानी आईवडिलांच्या पोटी झाला होता. स्थलांतरितांना जोडणारी एक भाषा असावी, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी जॉन टँटन यांच्यासह १९८३ मध्ये ‘यू.एस. इंग्लिश’ ही संस्था स्थापन केली. ही मोहीम स्थलांतरविरोधाला भाषेचे वस्त्र चढवते, अशी विरोधकांची टीका होती. टँटन हे स्थलांतर कमी करण्याच्या चळवळीचेही प्रमुख नेते असल्याने ती निराधार नव्हती.

घटनादुरुस्ती संमत झाली नाही. प्रतिनिधिगृहाने १९९६ मध्ये संमत केलेले राजभाषा विधेयकही सिनेटमध्ये अडले. २००६ मध्ये सिनेटने एकाच दिवशी दोन दुरुस्त्या स्वीकारल्या: एकीत इंग्रजीला ‘राष्ट्रभाषा’ म्हटले होते, तर दुसरीत ‘समाईक व एकत्र बांधणारी भाषा’. मूळ विधेयकाचा कायदा झाला नाही. राज्यांच्या पातळीवर मात्र चळवळीला मोठे यश मिळाले व तीसहून अधिक राज्यांनी इंग्रजीला राजभाषा केले. हवाईने १९७८ पासून हवाईयन, तर अलास्काने २०१४ मध्ये वीस मूलनिवासी भाषा इंग्रजीच्या जोडीला मान्य केल्या.

कॅलिफोर्नियातील जनमतकौल

१९९६ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका शाळेतील स्पॅनिश भाषक पालकांनी, मुलांना इंग्रजी शिकवले जात नाही म्हणून त्यांना काही दिवस शाळेत पाठवले नाही. हे पालक गरीब होते आणि इंग्रजीशिवाय मुलांना चांगले काम मिळणार नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. द्विभाषिक शिक्षणाच्या समर्थकांना या प्रसंगाचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. उद्योजक रॉन अन्झ यांनी त्याचा आधार घेऊन प्रस्ताव २२७ मांडला आणि जून १९९८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो संमत केला. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना सामान्यतः एक वर्षापर्यंत इंग्रजीतूनच विशेष शिक्षण द्यावे आणि नंतर नेहमीच्या वर्गात बसवावे, असे त्यात होते. ॲरिझोना (२०००) व मॅसॅच्युसेट्स (२००२) यांनी असेच कायदे केले. कोलोरॅडोने २००२ मध्ये नाकारला.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याचे पाच वर्षे मूल्यमापन होऊन २००६ मध्ये अहवाल आला. त्यात कोणतीही एक पद्धत निर्णायकपणे श्रेष्ठ असल्याचा पुरावा आढळला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक बोलका आहे: लॅटिनो मुलांपैकी द्विभाषिक वर्गांतील मुलांना प्राथमिक शाळेत इंग्रजीत प्रवीण ठरण्यास अधिक वेळ लागला, पण माध्यमिक शाळेच्या शेवटापर्यंत त्यांचे प्रमाण इंग्रजी वर्गांतील मुलांपेक्षा जास्त झाले. म्हणजे एका-दोन वर्षांच्या निकालावरून काढलेला निष्कर्ष या बाबतीत फसवा ठरू शकतो. २०१६ मध्ये प्रस्ताव ५८ द्वारे सुमारे ७३ टक्के मतदारांनी प्रस्ताव २२७ मधील निर्बंध उठवले. तोवर इंग्रजी भाषक मध्यमवर्गीय पालकही आपल्या मुलांसाठी स्पॅनिश व चिनी भाषांचे द्विभाषिक वर्ग मागू लागले होते, हा बदल यामागे महत्त्वाचा होता.

२०२५ चा आदेश

१ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांनी कार्यकारी आदेशाद्वारे इंग्रजीला अमेरिकेची राजभाषा घोषित केले आणि इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा मिळाव्यात यासाठी बिल क्लिंटन यांनी २००० मध्ये काढलेला आदेश रद्द केला. इतर भाषांतील सेवा बंद करण्याची सक्ती यात नाही. त्याचा निर्णय सरकारी खात्यांच्या प्रमुखांवर सोपवला आहे. काँग्रेसचा कायदा अशा आदेशाने बदलता येत नसल्यामुळे १९७४ च्या कायद्याने शाळांवर टाकलेले बंधन त्यामुळे संपलेले नाही.