कोड निर्मिती फ्रेमवर्क

कोड निर्मिती फ्रेमवर्क म्हणजे उपयोजनाच्या संक्षिप्त वर्णनावरून त्याची आज्ञावली पूर्णतः किंवा अंशतः आपोआप तयार करणारी साधनप्रणाली होय. अशा वर्णनाला प्रतिमान असे म्हणतात. क्लायंट-सर्व्हर पद्धतीच्या वेब उपयोजनांच्या उभारणीत अशा फ्रेमवर्कचा विशेष उपयोग होतो. या उपयोजनांत एकच माहिती विदागारातील सारणी, सर्व्हरवरील वर्ग आणि न्याहाळकातील अर्ज अशा तीन ठिकाणी वेगवेगळ्या भाषांत लिहावी लागते. ही पुनरुक्ती टाळणे आणि तिन्ही स्तरांत सुसंगती राखणे हा या पद्धतीचा मुख्य हेतू आहे.

इतिहास

वर्णनावरून आज्ञावली तयार करण्याची कल्पना वेबपेक्षा जुनी आहे. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांचे 'याक' हे साधन 1970च्या दशकातील असून ते व्याकरणाच्या नियमांवरून पदविच्छेदक तयार करते. 1997 मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने यूएमएल ही आरेखन भाषा स्वीकारली आणि 2001 मध्ये याच संस्थेने प्रतिमानाधारित रचनेचा पुरस्कार केला. त्यामुळे आराखड्यावरून थेट आज्ञावली तयार करण्याच्या प्रयत्नांना चालना मिळाली.

वेबच्या क्षेत्रात डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुबी ऑन रेल्समुळे ही पद्धत सर्वसामान्य प्रोग्रामरांपर्यंत पोहोचली. त्यातील 'स्कॅफोल्ड' ही आज्ञा नोंद करणे, पाहणे, बदलणे व खोडणे यांसाठी लागणारी पाने तयार करून देते. ज्युलियन दुब्वा यांनी 2013 मध्ये सुरू केलेले जेहिपस्टर हे मुक्तस्रोत साधन स्प्रिंग बूटवर आधारित सर्व्हर आणि अँग्युलर, रिअ‍ॅक्ट किंवा व्ह्यू यांवर आधारित क्लायंट असे दोन्ही भाग एकाच वर्णनावरून निर्माण करते.

महाराष्ट्रातील कार्य

या विषयावरील उल्लेखनीय संशोधन पुण्यात झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 1981 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या टाटा संशोधन, विकास व संरचना केंद्रात प्रतिमानांवरून मोठी व्यावसायिक उपयोजने निर्माण करण्याची पद्धत विकसित झाली. तिच्यावर आधारित साधनसंच 'मास्टरक्राफ्ट' या नावाने ओळखला जातो. विनय कुलकर्णी, आर. वेंकटेश व श्रीधर रेड्डी यांनी 2002 मध्ये या पद्धतीवर शोधनिबंध सादर केला. प्रतिमानाधारित विकासात निरनिराळ्या बाबी परस्परांपासून अलग कशा ठेवाव्यात, याविषयीचा कुलकर्णी व रेड्डी यांचा लेख 2003 मध्ये 'आयईईई सॉफ्टवेअर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या पद्धतीत दर्शनी स्तर, कार्यस्तर आणि विदागार स्तर यांची प्रतिमाने स्वतंत्र असली तरी ती एका सामाईक अधिप्रतिमानाने जोडलेली असतात. त्यामुळे एका स्तरातील बदल दुसऱ्या स्तराशी विसंगत ठरल्यास तो आज्ञावली तयार होण्यापूर्वीच लक्षात येतो.

कार्यपद्धती

कोड निर्मितीचे साधारणतः तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात साधन प्रतिमान वाचून त्यातील घटक, गुणधर्म व परस्परसंबंध तपासते. दुसऱ्या टप्प्यात ही माहिती साच्यांमध्ये भरली जाते. साचा म्हणजे मोकळ्या जागा ठेवलेली आज्ञावली होय. तिसऱ्या टप्प्यात तयार धारिका प्रकल्पात लिहिल्या जातात.

उदाहरणादाखल नागपूर जिल्ह्यातील उमरेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या बाजार समितीसाठी शेतमालाच्या आवकेची नोंद ठेवणारे उपयोजन कल्पिता येईल. त्याच्या प्रतिमानात 'शेतकरी', 'आवक' आणि 'सौदा' हे तीन घटक असतील. एका शेतकऱ्याच्या अनेक आवका असू शकतात, तसेच प्रत्येक आवकेचे वजन शून्यापेक्षा अधिक असले पाहिजे, असे नियम त्यात नोंदवता येतात. एवढ्या वर्णनावरून फ्रेमवर्क तीन सारण्या, सर्व्हरवरील सेवा, न्याहाळकातील अर्ज व याद्या आणि प्राथमिक चाचण्या तयार करते.

वजनाचा नियम क्लायंट व सर्व्हर या दोन्ही ठिकाणी तपासावा लागतो. न्याहाळकातील तपासणी वापरकर्त्याला चूक तत्काळ दाखवते, परंतु ती टाळून सर्व्हरकडे थेट विनंती पाठवणे शक्य असते. म्हणून सुरक्षिततेसाठी सर्व्हरवरील तपासणीच निर्णायक ठरते. नियम प्रतिमानात एकदाच लिहिल्यास दोन्ही तपासण्या एकमेकींशी जुळत्या राहतात.

याउलट शेतकऱ्याच्या पट्टीची रक्कम कशी काढावी, हे साच्यातून मिळत नाही. वजन व दर यांचा गुणाकार, हमाली व तोलाईची वजावट हा व्यवहाराचा भाग असून तो प्रोग्रामरालाच लिहावा लागतो. असे नियम बदलतही असतात. 2016 मध्ये महाराष्ट्रात फळे व भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. हिशेबाचे सूत्र एकाच ठिकाणी असेल तर असा बदल सुकर होतो. ते अनेक पानांत विखुरलेले असेल, तर एखादे पान जुन्याच नियमाने हिशेब करत राहते.

पुनर्निर्मिती

प्रतिमान बदलल्यावर आज्ञावली पुन्हा तयार करताना हाताने केलेले बदल पुसले जाण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी निर्मित आणि हस्तलिखित भाग वेगळ्या धारिकांत ठेवतात. हस्तलिखित वर्ग निर्मित वर्गाचा वारसा घेतो आणि पुनर्निर्मितीत केवळ निर्मित वर्ग बदलतो. जॉन व्लिसिडेस यांनी या मांडणीला 'जनरेशन गॅप' असे नाव दिले. आवृत्ती नियंत्रणामुळेही जुने व नवे रूप ताडून पाहता येते.

विदागारातील बदल अधिक जोखमीचे असतात. स्तंभाचे केवळ नाव बदलले असता साधन जुना स्तंभ काढून नवा घालण्याची आज्ञा तयार करू शकते आणि त्यात साठवलेली माहिती नष्ट होते. त्यामुळे जँगोसारखे फ्रेमवर्क अशा वेळी नाव बदलले आहे का, असे विचारून खात्री करून घेते. निर्मित स्थलांतर आज्ञा प्रत्यक्ष चालवण्यापूर्वी वाचून पाहणे आवश्यक मानले जाते.

देवनागरी मजकूर

मराठी उपयोजनांत घटकांची अंतर्गत नावे सहसा रोमन लिपीत ठेवतात आणि पडद्यावरील मराठी शीर्षके स्वतंत्र भाषांतर धारिकांत देतात. यूटीएफ-8 संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. 'उमरेड' या शब्दात मात्रेसह पाच चिन्हे असल्याने तो 15 बाइट घेतो. स्तंभाची मर्यादा अक्षरांऐवजी बाइटमध्ये मोजली जात असेल, तर 30 बाइटच्या स्तंभात केवळ दहा देवनागरी चिन्हे मावतात. रोमन मजकूर गृहीत धरलेले साचे वापरताना ही बाब तपासावी लागते.

फायदे आणि मर्यादा

या पद्धतीमुळे आरंभीचा वेळ वाचतो, संपूर्ण प्रकल्पाची मांडणी एकसारखी राहते आणि नव्या सदस्याला ती लवकर उमगते. साच्यातील सुधारणा पुनर्निर्मितीने सर्व घटकांपर्यंत पोहोचवता येते.

मात्र दोषही त्याच वेगाने पसरतात. दरासाठी नेमक्या दशमान प्रकाराऐवजी द्विमान तरंगता बिंदू प्रकार निवडल्यास 0.1 सारखी संख्या अचूक साठवता येत नाही आणि ती चूक तिन्ही स्तरांत उतरते. निर्मित आज्ञावलीचे प्रमाण मोठे असल्याने ती न समजता वापरली जाण्याचीही शक्यता असते. फ्रेमवर्कचा विकास थांबल्यास त्या आज्ञावलीची देखभाल हातानेच करावी लागते. म्हणून दोन-चार पानांच्या लहान उपयोजनासाठी अशी साधने अनेकदा अनावश्यक ठरतात. ज्या उपयोजनात समान स्वरूपाचे अनेक घटक असतात, तेथे ती अधिक उपयुक्त असतात.

हे सुद्धा पहा

- क्लायंट-सर्व्हर रचना
- यूएमएल
- रुबी ऑन रेल्स
- युनिकोड
- उमरेड