जुन्या शेगड्याचे आटे : हत्यारांचा संग्रह, दुरुस्ती आणि इतिहासाचा पुरावा
(संदर्भ : जयपूर आणि परिसर)

प्रस्तावना

हस्तोद्योगांचा इतिहास आपण बहुतेक वेळा तयार वस्तूंवरून शिकतो. जयपूर म्हटले की मीनाकारी, कुंदनकाम, लाखेच्या बांगड्या, कोरीव पितळी तबके आठवतात. १८८७ साली खुल्या झालेल्या तिथल्या अल्बर्ट हॉल संग्रहालयातही प्रामुख्याने अशाच वस्तू मांडलेल्या आहेत. त्या कशाने घडवल्या आणि घडवताना कशात धरल्या, या प्रश्नांकडे संग्रहालयांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

ही उणीव काही प्रमाणात हौशी लोकांनी भरून काढली आहे. ब्रिटन, अमेरिका आणि इतर देशांत जुने बेंच व्हाइस गोळा करणे, ते सोडवून, गंज काढून पुन्हा चालते करणे हा छंद चांगला रुजला आहे. भारतात असे शेगडे भंगारात, बंद पडलेल्या कारखान्यांत आणि सरकारी लिलावांत सापडतात. व्हाइसला मराठीत शेगडा म्हणतात. हिंदी भाषक कारागीर बांक किंवा शिकंजा म्हणतात. दोन जबडे, त्यांना जवळ आणणारा एक स्क्रू आणि तो फिरवणारा दांडा, एवढेच हे हत्यार आहे. पण ते उघडून पाहिले तर कागदपत्रांत न सापडणारी काही माहिती त्यातून मिळते, आणि निष्काळजीपणे साफ केले तर तीच माहिती कायमची पुसली जाते. या पाठात या दोन्ही गोष्टींचा विचार केला आहे.

धरण्याच्या रीती

शेगडा नसताना वस्तू धरायची कशी? जयपूरच्या कारागिरांकडे याची उत्तरे शेगड्याच्या आधीपासून होती. रत्नांना पैलू पाडणारा कारागीर खडा लाखेने काडीच्या टोकाला चिकटवतो. कुंदनकाम करणारा दागिना लाखेवर बसवून काम करतो. लाख तापवली की मऊ होते, गार झाली की वस्तू घट्ट पकडते, आणि काम संपल्यावर पुन्हा तापवून वस्तू मोकळी करता येते. नाजूक आणि वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तूला सर्व बाजूंनी सारखा आधार देण्यात लाखेची बरोबरी लोखंडी जबडा करू शकत नाही. म्हणून जयपूरच्या जवाहिऱ्याने शेगडा स्वीकारला नाही तर त्याला मागासलेपण म्हणणे चूक आहे. त्याच्या कामाला तो सोयीचा नव्हता.

मोठ्या कामासाठी पाय होते. भारतीय सुतार आणि धातुकारागीर जमिनीवर बसून काम करतात आणि पायाच्या अंगठ्याने व टाचेने वस्तू दाबून धरतात, ही गोष्ट अनेक युरोपीय प्रवाशांनी व अधिकाऱ्यांनी नोंदवली. काहींनी कौतुकाने, काहींनी नाक मुरडून. शेगड्याला मात्र उभा माणूस लागतो. कानस चालवण्यासाठी शेगड्याच्या जबड्याची उंची कामगाराच्या कोपराएवढी असावी, असे आजही फिटरच्या पहिल्या धड्यांत शिकवतात. म्हणजे शेगड्याबरोबर उंच टेबल आले, टेबलाबरोबर उभे राहण्याची सक्ती आली आणि रांगेत मांडलेली टेबले आल्यावर एका मुकादमाला सगळ्यांवर नजर ठेवणे सोपे झाले. तांत्रिक बदल म्हणजे केवळ नवे यंत्र नव्हे, कामगाराच्या शरीराची नवी शिस्तही असते, हे समजण्यासाठी याहून साधे उदाहरण मिळणे कठीण.

जयपूरच्या परिसरात ही शिस्त मोठ्या प्रमाणावर रेल्वेने आणली. १८७० च्या दशकात राजपुतान्यात मीटर गेज रेल्वे आली आणि अजमेरला तिची कार्यशाळा उभी राहिली. १८९५ साली याच कार्यशाळेत एफ ७३४ हे वाफेचे इंजिन तयार झाले. भारतात बांधलेले हे पहिले वाफेचे इंजिन मानले जाते आणि ते आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. इंजिन जपले गेले हे चांगलेच झाले. पण ज्या टेबलांवर त्याचे शेकडो भाग कानसून बसवले गेले, त्यांची आठवण कोणी ठेवत नाही. म्हणूनच एखाद्या जुन्या शेगड्यावर रेल्वे कंपनीची आद्याक्षरे ठोकलेली आढळली तर त्याचे मोल भंगाराच्या किलोच्या भावात मोजता येत नाही.

आट्यांचा पुरावा

आता शेगड्याच्या आत पाहू. बिडाचा, दोन्ही जबडे समांतर सरकणारा शेगडा एकोणिसाव्या शतकात सर्वत्र पसरला. त्याआधी युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांपासून लांब पायाचा घडीव लोखंडी शेगडा वापरात होता. त्याचा एक पाय जमिनीपर्यंत जातो, त्यामुळे घणाचा ठोका टेबलाला न बसता जमिनीत उतरतो. त्याचा पुढचा जबडा खालच्या खिळीभोवती फिरतो, म्हणून जबडे जास्त उघडले की समांतर राहत नाहीत. स्क्रू ज्या नळीत फिरतो तिच्या आतील आटे हा या हत्याराचा सर्वांत अवघड भाग होता. बाहेरून आटे पाडणे कानशीनेही जमते, पण अरुंद नळीच्या आत जाड चौकोनी आटे कोरणे लेथ आणि मोठे टॅप सहज मिळण्याआधी फार कठीण होते.

कारागिरांनी यावर वेगळी वाट काढली. लोखंडाची चौकोनी पट्टी स्क्रूच्या खाचांत गुंडाळायची, तयार झालेले वेटोळे नळीत सरकवायचे आणि पितळेने झाळून पक्के करायचे. आटे कोरलेले नाहीत, चिकटवलेले आहेत. जुन्या लांब पायाच्या शेगड्याच्या नळीत विजेरीने पाहिले तर आट्यांच्या मुळाशी कधी कधी पितळेची पिवळी रेघ अजून दिसते.

भारतीय इतिहासाच्या विद्यार्थ्याने या रेघेकडे लक्ष द्यावे असे एक कारण आहे. अहसान जान कैसर यांचा युरोपीय तंत्रज्ञानाला भारताने दिलेल्या प्रतिसादावरील ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. १४९८ ते १७०७ या काळाचा तो अभ्यास आहे. मुघलकालीन तंत्रज्ञानावरील पाठ्यपुस्तकांत नेहमी आढळणारे एक विधान असे : भारतात स्क्रू सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वापरात आला, पण त्याचे आटे कोरलेले नसत, खिळ्याभोवती तार गुंडाळून झाळलेली असे, कारण आटे पाडणारा लेथ इथे नव्हता, त्यामुळे तो नीट बसत नसे. विद्यार्थी हे वाचतात आणि झाळलेले आटे म्हणजे भारतीय तंत्राचे मागासलेपण असा निष्कर्ष पाठ करतात.

युरोपीय शेगडा उघडल्यावर हा निष्कर्ष इतका सरळ राहत नाही. झाळलेले आटे तिथेही होते, आणि तेही घणाचे ठोके सोसणाऱ्या हत्यारात. अर्थात दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. एकीकडे खिळ्यावर बाहेरून तार आहे, दुसरीकडे नळीत आतून जाड पट्टी आहे. युरोपात बाहेरचे आटे कोरण्याची साधने होती, हा फरक खराच आहे. पण झाळण्याची युक्ती हीच मागासलेपणाची खूण मानता येणार नाही. कोरणे अशक्य किंवा महाग असेल तिथे दोन्हीकडचे कारागीर याच युक्तीकडे वळले. कोणता भाग, किती भार आणि किती अचूकता, हे विचारल्याशिवाय तुलना करू नये.

जयपूरचा पुरावाही घाईच्या निष्कर्षाला आवर घालतो. जयगड किल्ल्यात तोफा ओतण्याचा कारखाना होता. सवाई जयसिंग (दुसरे) यांच्या काळात, १७२० साली, तिथे ‘जयवाण’ ही सहा मीटरहून लांब नळीची तोफ तयार झाली. ओतकामाची भट्टी आणि नळीला छिद्र पाडण्याची बैलांच्या बळावर चालणारी यंत्रणा किल्ल्यात दाखवली जाते. ही यंत्रणा आटे पाडण्याची नाही, त्यामुळे वरच्या विधानाला ती थेट उत्तर देत नाही. पण फिरते, जड आणि नियंत्रित यांत्रिक काम इथे परके नव्हते, एवढे तिच्यावरून नक्की म्हणता येते. साधन होते की नव्हते असा एकच प्रश्न न विचारता, कुणाकडे होते आणि कशासाठी, असे विचारले पाहिजे. राजाच्या तोफखान्यात असलेले तंत्र बाजारातल्या लोहाराच्या टेबलापर्यंत पोहोचले का, हा खरा प्रश्न आहे.

वय ओळखण्याच्या खुणा

शेगड्यावरची अक्षरे पहिली पाहावीत, पण त्यांवर एकट्या विसंबू नये. ‘मेड इन इंग्लंड’ अशा देशनामाच्या खुणा १८८७ च्या ब्रिटिश आणि १८८९ च्या भारतीय व्यापारचिन्ह कायद्यांनंतर वाढल्या. तीन रेघांचा बाण ब्रिटिश सरकारी मालाची खूण सांगतो. बोल्ट तपासावेत : इंचातले व्हिटवर्थ आटे (जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेले प्रमाण) असतील तर शेगडा बहुधा जुना किंवा आयात असतो. १९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर भारतात मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली, तरी इंचाचे बोल्ट कारखान्यांत पुढे बरीच वर्षे चालू राहिले. शिवाय बोल्ट बदलता येतो. झिजलेल्या आट्यांची जागा, जबड्यावरच्या करवतीच्या खुणा, दांड्याला पाइप लावून जोर दिल्यामुळे पडलेली भेग यांवरून वापराचा इतिहास कळतो. उत्पादकाची अक्षरे तो कधीच सांगत नाहीत.

दुरुस्ती कुठे थांबवावी

जाम झालेला स्क्रू सोडवण्यासाठी हौशी माणूस आधी रॉकेल किंवा डिझेल वापरतो आणि मग बर्नर काढतो. इथेच धोका आहे. लोखंड नारिंगी होईपर्यंत तापवले तर झाळलेले पितळ वितळते, आटे सुटतात आणि पिवळ्या रेघेचा पुरावा संपतो. तेल, वेळ आणि हलके ठोके यांनी काम होत असेल तर आगीकडे जाऊ नये. गंजासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कमी दाबाचा वीजप्रवाह सोडण्याची रीत सौम्य आहे. शेगडा ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडतात. धन टोकाला स्टेनलेस स्टील वापरू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. काम उघड्या हवेत करावे, कारण हायड्रोजन वायू निघतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये.

हे झाले हाताचे. निर्णयाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी जयपूरच्या जंतरमंतरचे उदाहरण उपयोगी पडते. जयसिंगांनी धातूची लहान यंत्रे सोडून दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे का बांधली, याची कारणे ‘झीज-ए-मुहम्मदशाही’च्या प्रस्तावनेत दिली आहेत : पितळी यंत्रे लहान असतात, आस झिजतात, केंद्रे सरकतात. शेगडा दुरुस्त करणाऱ्याला ही तक्रार ओळखीची वाटेल. पुढे ती भव्य यंत्रेही जीर्ण झाली. महाराजा माधोसिंह (दुसरे) यांच्या काळात, १९०१ च्या सुमारास, लेफ्टनंट आर्थर गॅरेट आणि चंद्रधर शर्मा गुलेरी यांनी त्यांची मोठी दुरुस्ती केली. (‘उसने कहा था’ ही हिंदी कथा लिहिणारे गुलेरी ते हेच.) त्यांनी १९०२ मध्ये वेधशाळेवर पुस्तकही प्रसिद्ध केले. या दुरुस्तीमुळे यंत्रे पुन्हा वेध घेण्याजोगी झाली आणि २०१० साली जागतिक वारसा यादीत आलेली वेधशाळा आपल्याला पाहायला मिळाली. पण अंशमापनाच्या अनेक रेघा नव्याने आखल्या गेल्या. जयसिंगांच्या मूळ विभागणीची अचूकता किती होती हे आज त्या रेघांवरून मोजता येत नाही.

शेगड्यापुढेही हाच पेच असतो. चालते करायचे की पुरावा राखायचा? माझे मत असे की एकाच प्रकारचे शेकडो शेगडे उपलब्ध असतील, तर साफ करून वापरात आणायला हरकत नाही. हत्यार कामासाठीच असते. पण घडीव लोखंडाचा, झाळलेल्या आट्यांचा किंवा संस्थेची खूण असलेला शेगडा असेल तर फक्त गंज थांबवावा, जबडे घासून चकचकीत करू नयेत, नवा रंग देऊ नये. पुण्याचे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, कुलुपे अशा रोजच्या वस्तू दशकानुदशके जमवल्या आणि १९७५ मध्ये हा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. अडकित्त्याला संग्रहालयात जागा मिळते तर शेगड्याला का मिळू नये?

प्रत्यक्ष काम

तुमच्या गावातील आयटीआय, रेल्वे वसाहत किंवा जुने वर्कशॉप निवडा. मालकाच्या परवानगीने एका शेगड्याची नोंद करा. तो मिळाला तेव्हा कुठे, कोणत्या टेबलावर, जमिनीपासून किती उंचीवर होता हे आधी लिहा. ही माहिती शेगडा उचलताच नष्ट होते आणि विक्रेता ती कधीच सांगत नाही. मग चारही बाजूंनी मोजपट्टीसह छायाचित्रे, जबड्याची रुंदी, एका इंचात किती आटे, सर्व अक्षरे आणि ठोकलेल्या खुणा नोंदवा. त्यावर काम केलेल्या माणसाला हत्याराच्या प्रत्येक भागाचे नाव विचारा आणि तो म्हणतो तसेच लिहून घ्या. रंगाचे थर असतील तर न खरवडलेली एक लहान जागा राखा. महाराष्ट्रात खंडेनवमीला आणि राजस्थानात विश्वकर्मा पूजेला हत्यारांवर लावलेले कुंकू किंवा शेंदूर अनेकदा रंगाच्या दोन थरांच्या मध्ये अडकलेले सापडते. ते गंज समजून घासू नका.