जन्मठेपेची वर्षे

रायपुरातील पुरानी बस्ती ही दूधाधारी मठ आणि जैतुसाव मठ यांच्या परिसरातील जुनी वस्ती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि रायपूरचे लोक भोपाळकडे पाहू लागले. परंतु त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी आणखी एक बदल घडला होता. त्याची खबर, ज्या घरचा माणूस तुरुंगात होता, त्या घरापलीकडे फारशी कोणी घेतली नसावी. भारतीय दंडविधानातील 'जन्मठेप काळे पाणी' ही शिक्षा त्या दिवशी रद्द होऊन तिच्या जागी आजन्म कारावास आला.

अंदमानची बंदिवसाहत दुसऱ्या महायुद्धाबरोबर संपली होती. तरीही पुढे दहा वर्षे न्यायाधीश, जेथे कोणालाच धाडावयाचे नव्हते, अशा समुद्रापलीकडची शिक्षा फर्मावीत राहिले! १९५५ च्या दुरुस्तीने हा देखावा मोडला आणि पूर्वी शिक्षा झालेल्यांनाही नव्या नावाखाली आणले. नावाचा प्रश्न मिटला. वर्षांचा तसाच राहिला. दंडविधानाच्या ५७ व्या कलमात, शिक्षेचा अंश काढण्यापुरती, जन्मठेप २० वर्षांची धरावी असे म्हटले होते. सद्वर्तनाबद्दल मिळणारी सूट त्यात मिळवून कैदी आपला हिशेब मांडी, आणि घरची माणसेही त्याच हिशेबावर भरवसा ठेवीत.

हा हिशेब सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला तो नाशिक रोडच्या तुरुंगात काही वर्षे काढलेल्या कैद्याने. महात्मा गांधींच्या खुनाच्या खटल्यात १९४९ साली गोपाळ गोडसे यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. सूट धरता वीस वर्षे भरली, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने १९६१ साली ते अमान्य केले. जन्मठेप म्हणजे उरलेले सर्व आयुष्य. सूट जमा होत राहील, पण तिच्या बळावर सोडणे न सोडणे सरकारच्या हाती. गोडसे सुटले ते १९६४ साली.

या निर्णयाचे खरे वजन पुढे कळले. १८ डिसेंबर १९७८ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम आले. ज्या गुन्ह्याला देहदंडही देता येतो, अशा गुन्ह्यातील जन्मठेपीला प्रत्यक्ष १४ वर्षे भोगल्यावाचून सोडता येणार नाही, असे त्याने ठरविले. गुन्ह्याच्या वेळी असलेल्या शिक्षेहून अधिक शिक्षा देऊ नये, असे संविधानाचे २० वे कलम सांगते; मग ही वाढ जुन्या गुन्ह्यांना लागू कशी? मारूराम खटल्यात १९८० साली उत्तर मिळाले, की ही वाढच नव्हे. शिक्षा मुळात आयुष्यभराची, तेव्हा चौदा वर्षे तिच्याहून अधिक कशी होतील? तर्क बिनतोड खरा. पण दहा-अकरा वर्षांनी बाप घरी येईल म्हणून वाट पाहणाऱ्या मुलाला तो पटणे कठीण होते.

तथापि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक दार उघडे ठेवले. १८ डिसेंबर १९७८ पूर्वी ज्यांना खालच्या न्यायालयाने दोषी ठरविले, त्यांना सुटीचे जुने नियम लागू राहिले. तारीख मोजावयाची ती निकालाची, गुन्ह्याची नव्हे. म्हणजे १९७७ च्या दोन सारख्या गुन्ह्यांत, ज्याचा खटला लवकर उरकला त्याला जुना नियम आणि ज्याचा रेंगाळला त्याला नवा. रेंगाळण्यात आरोपीचा हात बहुधा नसतो.

१ जुलै २०२४ पासून हेच कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४७५ या क्रमांकाने आले आहे. चौदा वर्षे कायम आहेत. रायपूरच्या कैद्याचा सुटकेचा अर्ज मात्र २००० साली छत्तीसगड राज्य झाल्यापासून नागपूर वा भोपाळला जात नाही, रायपुरातच जातो.