वस्ताद आणि शौकीन

सातवीच्या वर्गात उर्दूचा तास चालू होता. धड्यात 'उस्ताद' हा शब्द आला आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हा उस्ताद आणि तालमीतला वस्ताद एकच का?" म्हटलं, एकच. फारसीतून मराठीत येताना उंबरठ्यावर त्याला एक 'व' चिकटला, एवढंच. त्यावर लगेच दुसरा प्रश्न, "मग तुम्ही उस्ताद का?" वर्ग हसला, मीही हसलो. बी.एड.चं प्रमाणपत्र कपाटात आहे, त्याच्या जोरावर नोकरी आहे. पण पहिल्या वर्षी मी जे शिकवत होतो त्याला शिकवणं म्हणायचं की वर्ग सांभाळणं, हे माझं मलाच माहीत. उत्तर तेव्हा टाळलं. घरी येऊन बाबरनामा उघडला, कारण त्यात एका उस्तादाची गोष्ट आहे आणि ती मला या प्रश्नाशी जोडलेली वाटते.

बाबरने हे आत्मचरित्र तुर्कीत लिहिलं. त्याचा फारसी तर्जुमा अब्दुर्रहीम खान-ए-खानान यांनी १५८९ मध्ये अकबराला सादर केला. हेच ते दोह्यांचे रहीम, ज्यांच्या उमेदीची बरीच वर्षं पुढे दख्खनच्या मोहिमांत गेली.

ऑक्टोबर १५२६. पानिपतला सहा महिने झाले होते. बयाना आणि इतर किल्ले अजून हाती आले नव्हते, म्हणून बाबरने उस्ताद अली कुलीला एक मोठी तोफ ओतायला सांगितली. अली कुलीने साचा तयार केला आणि त्याच्याभोवती आठ भट्ट्या रचल्या. प्रत्येक भट्टीच्या पायथ्यापासून साच्यापर्यंत एकेक पन्हळ काढली. सगळी तयारी झाल्यावर बादशहाला बोलावणं गेलं. बाबर आला, भट्ट्यांची तोंडं फोडली, वितळलेली धातू पाण्यासारखी साच्यात उतरू लागली. आणि साचा भरण्याआधीच एकेका पन्हळीची धार आटत गेली. भट्टीत खोट होती की धातूत, ते कळेना. अली कुलीची अवस्था अशी झाली की तो त्या वितळलेल्या धातूत उडी टाकायला निघाला होता. बाबरने त्याची समजूत काढली, अंगावर खिलअत घातली, लाज राखली.

एकदोन दिवसांनी साचा निवला, उघडला. अली कुलीने आनंदाने निरोप धाडला की दगडी गोळा बसतो तो भाग बिनखोट उतरलाय, दारूचा कोठा करणं आता सोपं आहे. तयार भाग घासायला माणसांना लावून तो स्वतः कोठ्याच्या कामाला लागला. फेब्रुवारी १५२७ मध्ये तोफ चालवली तेव्हा गोळा सोळाशे पावलं गेला. अली कुलीला खंजीर, पोशाख आणि घोडा मिळाला.

माझं लक्ष मात्र बक्षिसाकडे जात नाही, त्या निरोपाकडे जातं. दोन दिवसांपूर्वी जीव द्यायला निघालेला माणूस साचा उघडल्याबरोबर सांगतो की एवढं चांगलं आहे, एवढं राहिलंय, आणि राहिलेलं असं करता येईल. कौतुक करणारे तिथे पुष्कळ असतील, पण बिघडलेल्या कामातलं नेमकं किती बिघडलंय हे फक्त त्यालाच दिसत होतं.

गोष्ट इथेच संपवली तर ती फार गोड होईल. पुढच्याच वर्षी अली कुलीने ओतलेली दुसरी एक मोठी तोफ डागली. गोळा लांब गेला, पण तोफेच्या ठिकऱ्या उडाल्या आणि आठ माणसं जागीच मेली. बाबर हे अगदी थोडक्यात लिहितो. त्या आठांची नावं कुठेच नाहीत. अली कुली कामावर राहिला. १५२८ मध्ये कनौजजवळ गंगेवर पूल बांधला जात असताना त्याच्या तोफेने पहिल्या दिवशी आठ आणि पुढचे तीनचार दिवस रोज सोळा गोळे टाकले. ती राणा सांगाविरुद्ध चाललेली, म्हणून तिचं नाव देग-ए-गाझी. (देग म्हणजे तीच, आपल्याकडे लग्नात बिर्याणी शिजते ती. रुंद तोंडाच्या तोफेला याहून चांगलं नाव सुचलं नसतं.) तिथेच तिच्याहून मोठी एक तोफ मांडली होती. ती पहिल्याच बाराला फुटली.

आता शौकीन माणूस बघू. अकबराला बंदुकांचा भारी षौक. चितोडच्या वेढ्यात जयमलवर नेम धरला ती त्याची लाडकी बंदूक 'संग्राम'. आईन-ए-अकबरीत अबुल फजल सांगतो की पूर्वी लोखंडाचा पत्रा ठोकून गोल करत आणि कडेला कड जोडत. दारूच्या दाबाने नळी त्या सांध्यावरच उकलायची, माणसं जखमी व्हायची. बादशहांनी नवी रीत काढली. पत्रा तिरका गुंडाळायचा, कागदाच्या सुरळीसारखा, एक पदर दुसऱ्यावर चढवायचा आणि हळूहळू तापवून जोडायचा. सांधा नळीच्या लांबीला सरळ राहत नाही, म्हणून फाटत नाही. नळ्या आतून साफ करायला एक चाक केलं. बैल फिरवतो आणि एकदम सोळा नळ्या साफ होतात.

हे सगळं बादशहांच्या नावावर. मला ते पुरतं पटत नाही. दरबारी लेखकाच्या पगारात मालकाची तारीफ धरलेली असते. त्याच दरबारात १५८३ मध्ये मीर फतहुल्ला शिराझी आले होते, आणि ते आले होते आपल्या शेजारून, विजापूरच्या आदिलशाहीतून. मोठे आलिम, शिवाय यंत्रांचे जाणकार. एका बत्तीवर बारा नळ्यांची बंदूक उडवण्याची युक्ती त्यांच्या नावावर सांगतात. आणि प्रत्यक्ष ऐरणीवर कोण होतं? अबुल फजलनेच दोन नावं दिली आहेत, उस्ताद कबीर आणि हुसेन. बाकीचे गेले.

अकबराचं काहीच नव्हतं असं नाही. शौकीन माणूस "असंच का करता?" हे विचारू शकतो, पिढीजात कारागिराला ते सुचतच नाही, सुचलं तरी धजवत नाही. नळी तपासल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही, हा कारखान्याचा दंडकही त्याच्या हौसेतूनच आला असावा. फरक एवढाच की नळी फुटली तर अकबर दुसरी मागवणार. आणि नळीवर लोखंड कुठलं, वजन किती, तारीख कोणती याबरोबर नाव कोरलं जायचं ते बनवणाऱ्याचं.

आमच्या दख्खनमध्ये हे नाव कोरणं डोळ्यांनी पाहता येतं. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली, बुरहान निजामशहाच्या काळात. वजन सुमारे ५५ टन. परंड्याच्या किल्ल्यावरून ती पुढे विजापूरला नेली. तिच्यावर ओतणाऱ्या मुहम्मद रूमीचं नाव आहे. रूमी, म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. औरंगजेबाने विजापूर घेतल्यावर आपलाही लेख तिच्यावर कोरून घेतला, पण रूमीचं नाव खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सगळं सांगितलं. प्रश्न विचारणारा मुलगा शिकलगारांचा. त्याला म्हटलं, तुझ्या आडनावातला 'शिकल' म्हणजे अरबी सैकल, हत्याराला दिलेली झिलई. तलवारी आणि भाले उजळणारे ते सैकलगर. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर हत्यारं सरकारी परवान्याखाली गेली, तलवारीचं काम आटत गेलं आणि सुऱ्या, कात्र्या, विळ्या तेवढ्या उरल्या.

तो म्हणाला, "दादाजी अजून धार लावतात. नखावर धरून बघतात. अब्बूंना ते जमत नाही."

"आणि तुला?"

"मला दादाजी बसू देतात चाकावर. पण गिऱ्हाईकाची कात्री देत नाहीत अजून."